चार गोळ्यांपैकी एक काळा

३ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ७

घटस्थापना. नवी वही, नवी नोकरी. म्हसळ्याला संस्थेचं तीन दिवसांचं ट्रेनिंग काल संपलं. विषय: आरोग्याच्या मार्गदर्शक सूचना लिहिताना पुराव्याची खात्री कशी ठरवायची. प्रत्येक सूचनेपुढे चार गोळे. पुरावा भक्कम असेल तर चारही काळे करायचे. मध्यम असेल तर तीन, कमी असेल तर दोन, अत्यल्प असेल तर एक. उरलेले पांढरे ठेवायचे आणि लपवायचे नाहीत. ट्रेनिंग देणाऱ्या प्राप्ती मॅडम म्हणाल्या, पांढरे गोळे दाखवायला हिंमत लागते. माझ्या अंगावर काटा आला.

माझं काम तसं छोटं आहे. साप चावल्यावर आमच्या भागातली माणसं काय करतात, ते विचारून फॉर्म भरायचा. पण घरातली पहिली ग्रॅज्युएट नुसते फॉर्म भरायला झालेली नाही. दिवाळीपर्यंत वाडी बदलून दाखवीन.

संकल्प: चिडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. फक्त पुरावा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

अंगणात साप निघाला. अकरा जणांनी काठ्यांनी मारला. ओळख पटवायची आहे, मारू नका, असं मी सांगत होते. ओळख पटण्यासारखं काही उरलं नाही. भागोजीकाकांचा मुलगा धर्मा तर मेलेल्या सापाला आणखी पाच मिनिटं बडवत होता. बाबा म्हणाले फुरसं, धर्मा म्हणाला घोणस. साक्षीत एकवाक्यता नाही, म्हणून खात्री एक पायरी खाली. आमचा हर्षद म्हणाला, फॉर्मवर लिही, जात: चटणी. हर्षद माझा धाकटा भाऊ. बारावीला दोनदा बसला, आता कोंबड्या पाळतो. त्याच्याकडून अपेक्षा नाहीत.

५ ऑक्टोबर

भागोजीकाकांची मुलाखत. वाडीत कोणाला काही चावलं की पहिल्यांदा त्यांच्याकडेच नेतात. पद्धत: चावल्याच्या वर सुतळी आवळायची. कोंबडीच्या पिल्लाचा मागचा भाग जखमेवर दाबून धरायचा. पिल्लू मेलं म्हणजे विष ओढलं. मग दुसरं. पिल्लं मरायची थांबली की माणूस बरा.

आजवर किती बरे झाले, विचारलं. म्हणाले सगळे. एकही दगावला नाही का, विचारलं. म्हणाले, दगावले ते उशिरा आले होते. पिल्लू मुठीत आवळल्यामुळे गुदमरून मरत असेल, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे बघून आईची तब्येत विचारली.

हातातली फाइल त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. घातली नाही. संकल्प, दिवस तिसरा.

६ ऑक्टोबर

धर्मा न विचारता हर्षदच्या खुराड्यातून आठ पिल्लं घेऊन गेला होता. पलीकडच्या आळीत कोणाला तरी दिवड चावली होती. दिवड बिनविषारी. पिल्लं आठही मेली. हर्षदने दाण्याचं पत्र्याचं भांडं धर्माच्या तोंडावर मारलं. धर्माचा अर्धा दात पडला. मग धर्माने हर्षदला विहिरीच्या कठड्यावर आपटलं. हे सगळं पुरावा नसल्यामुळे होतं. हर्षदला हळद लावता लावता मी त्याला समजावलं. तो कण्हत होता, पण ऐकत होता.

८ ऑक्टोबर

खरी लढाई बाबांची. लहानपणी त्यांना काहीतरी चावलं होतं आणि भागोजीकाकांच्या वडिलांनी वाचवलं, अशी त्यांची पक्की समजूत. मी सांगितलं, एकच रुग्ण, सापाची जात माहीत नाही, तुलनेला कोणी नाही, खात्री अत्यल्प. बाबांनी मान हलवली. बाबा पटवायला सोपे आहेत. आता भात कापणीला आलंय आणि बाबा अनवाणी कापतात. उद्या गमबूट आणते.

९ ऑक्टोबर

गमबूट आणले. बाबांनी दोन्ही पायांत घालून ओटीवर चार फेऱ्या मारल्या. मग कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले. नवीन आहेत, शेतात खराब होतील, म्हणाले. तत्त्व मान्य झालंय. अंमलबजावणी यथावकाश.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज माझा फ्लेक्स समाजमंदिराच्या भिंतीवर लागला. म्हसळ्याहून छापून आणला. "साप चावल्यास काय करावे." एकूण सहा सूचना, प्रत्येकीपुढे चार गोळे. पहिली सूचना: "रुग्णाला ताबडतोब हॉस्पिटलात न्या. शिफारस: ठाम. पुराव्याची खात्री: अत्यल्प." एक काळा, तीन पांढरे.

हे वाचून दुसरा कोणी घाबरला असता. पण नियम तो नियम. विषावरचं औषध अर्ध्या लोकांना देऊन आणि अर्ध्यांना न देता कोणी प्रयोग करत नाही, कारण अर्धे मरतील. त्यामुळे कागदावर पुरावा कच्चाच राहतो आणि तरीही शिफारस ठाम असते. हे फ्लेक्सवर लिहायला जागा उरली नाही. खाली माझं नाव आणि बी.एस्सी. जरा मोठ्या अक्षरात आलं.

१४ ऑक्टोबर

प्रतिसाद जबरदस्त. फ्लेक्ससमोर सतत माणसं. आज तर भागोजीकाका स्वतः आले. पहिली ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. अत्यल्प म्हणजे अगदी थोडी ना, विचारलं. मी म्हटलं, हो काका, अगदी थोडी. हे सरकारी हाय का, विचारलं. मी म्हटलं, सरकारीहून वरचं, जगभर असंच लिहितात. त्यांनी धर्माला फ्लेक्सचा फोटो काढायला लावला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पोर शिकली, म्हणाले.

मनपरिवर्तन इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

भागोजीकाकांच्या घराच्या भिंतीवर डांबराने पाच काळे गोळे. शेजारी: "भागोजी. खात्री."

पाच. पद्धतीत पाच नाहीतच. चारच्या वर जाताच येत नाही. मी तासभर समजावलं. ते म्हणाले, तुझ्याकडं डांबर कमी पडलं असंल.

आज दगड उचलला होता. परत ठेवला. संकल्प, दिवस पंधरावा.

१८ ऑक्टोबर

प्राप्ती मॅडमना फ्लेक्सचा फोटो पाठवला. लगेच फोन आला. विचारलं की हे लावायला कोणी सांगितलं. म्हणाल्या, ते गोळे सूचना ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीसाठी असतात. गावात एवढंच लिहायचं, की सरळ हॉस्पिटलात जा. आजच्या आज काढ.

मॅडम विद्वान आहेत, पण शहरातल्या आहेत. पांढरे गोळे लोकांपासून लपवायचे? त्यांनीच मला हिंमत शिकवली आणि आता त्याच कच खातायत. काढणार नाही. फोन कट झाल्यावर उशीला पंधरा-वीस बुक्क्या मारल्या. उशी माणसात मोजत नाही.

१९ ऑक्टोबर

फ्लेक्ससमोर मारामारी. धर्मा तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिली ओळ वाचून दाखवत होता. हर्षदने त्याच्या पाठीत लाथ घातली. मग हर्षदचे तीन मित्र, धर्माचे चार. विळे बाजूला ठेवून भांडले, इतपत जागृती झाली आहे. मी मध्ये उभी राहून शिफारस आणि खात्री यांतला फरक समजावत होते. कोणाचं तरी कोपर माझ्या कानाखाली बसलं. कोणाचं ते नक्की नाही. फ्लेक्स मधोमध फाटला. आईने दाभणाने शिवून दिला. आईला वाचता येत नाही, त्यामुळे तिने वरचा तुकडा उलटा शिवला. मी उसवून पुन्हा शिवला. आई म्हणाली, जाळून टाक ते. तिचाही दोष नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. हॉस्पिटल, दुपारी ३

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी साडेआठला बाबांना शेतात फुरसं चावलं. उजव्या पायाला, घोट्याखाली. बाबांनी हातातली ओळ कापून संपवली. मग विळा पुसला आणि चालत भागोजीकाकांकडे गेले. घरासमोरून गेले, आत आले नाहीत. आम्हाला कळलं तेव्हा पाऊण तास झाला होता.

मी पोचले तेव्हा पाचवं पिल्लू चालू होतं. पाय मांडीसारखा सुजलेला. चावल्या जागेतून रक्त येत होतं, थांबत नव्हतं. मी म्हटलं, बाबा, उठा, टेम्पो आलाय. बाबा अगदी शांत होते. म्हणाले, "बाय, तूच लिवलंस ना. दवाखान्याची खात्री एक गोळा. भागोजीचे पाच हायत."

मी समजावायला लागले. खरं तेच लिहायचं म्हणून लिहिते: मी समजावायला लागले. खात्री म्हणजे काय, शिफारस म्हणजे काय, प्रयोग का करता येत नाही. बहुतेक दोनच मिनिटं लागली असतील. हर्षद म्हणतो दहा. त्याच्याकडे घड्याळ नाही. तेवढ्यात सहावं पिल्लू मेलं.

मग आई आली. आईने काही समजावलं नाही. बाबांच्या थोबाडीत मारली आणि म्हणाली, "उठ. मरायचं तर दवाखान्यात मर." वाडीसमोर तिने बाबांना एकेरी हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

पुढचं भराभर झालं. हर्षदने बाबांना खांद्यांना धरलं, धर्माने पायांना. दोघं दोन बाजूंना ओढायला लागले. बाबा मध्ये, लुगडं पिळावं तसे. आईने पाट उचलून धर्माच्या पाठीत घातला. भागोजीकाका सुतळी सोडेनात. मी म्हटलं, सोडा. ते म्हणाले, विष चढंल. मी पुन्हा म्हटलं, सोडा.

मग मी त्यांचा अंगठा चावला.

चांगला चावला. हाडाला दात लागला. संकल्प, दिवस बाविसावा. संपला.

टेम्पोत बाबा, आई, हर्षद आणि मी. आणि भागोजीकाका, कारण अंगठ्यातून रक्त थांबत नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या हातात सातवं पिल्लू होतं. ते जिवंत होतं.

त्याच दिवशी, सायंकाळी ६

डॉक्टरांनी बाबांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि वीस मिनिटं ठेवलं. गोठलं तर ठीक, नाहीतर विष भिनलंय. नळी टेबलावर होती. मी बघत होते. भागोजीकाका पट्टी बांधून शेजारी बसले होते, तेही बघत होते. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

भागोजीकाकांनी पिल्लू खाली सोडलं.

लगेच औषध सुरू केलं. मी डॉक्टरांना विचारलं, वाचण्याची खात्री किती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, आता बाहेर बसा. एवढंच. गोळे विचारावेसे वाटले नाहीत.

नर्सने रजिस्टर लिहिलं. आजची नोंद: सर्पदंश एक, मनुष्यदंश एक.

२६ ऑक्टोबर

बाबांचं रक्त गोठलं. कालपासून तीनदा तपासलं, तीनदा गोठलं. सूज उतरतेय. भागोजीकाका रोज येऊन बसतात. बाबा त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात आणि माझ्याकडे बघून हसतात. चावण्याबद्दल मी माफी मागितली. काका म्हणाले, राहू दे, बाय, तुझे दात चांगले हायत.

२८ ऑक्टोबर

बाबा घरी आले. वाडीत स्वागत. मीही पुढे उभी होते. लोकांनी नारळ भागोजीकाकांना दिला. पहिली सहा पिल्लं त्यांनी लावली, निम्मं विष तिथंच ओढलं, दवाखान्यानं उरलेलं काढलं, असं बाबा स्वतः सांगत होते. माझ्यासमोर. मला पाट कुठे ठेवलाय ते माहीत होतं. उचलला नाही. संकल्प नव्याने सुरू, दिवस पहिला.

मॅडमना या केसचा रिपोर्ट हवा आहे. लिहायला बसले. रुग्ण एक. उपचार दोन, एकाच सकाळी. कशाने वाचला हे वेगळं काढता येत नाही. माहिती देणारी रुग्णाची मुलगी, आणि तिने एका उपचारकर्त्याला चावलेलं. सगळे नियम लावले.

खात्री अत्यल्प. एक काळा, तीन पांढरे.

३१ ऑक्टोबर

वरच्या आळीतल्या कृष्णाबाईंना गवत काढताना चावलं. मी फॉर्म घेऊन पळाले, तर त्या निघूनही गेल्या होत्या. सरळ दवाखान्यात. कोणी नेलं, विचारलं. धर्माने, मोटरसायकलवर. कोणी सांगितलं, विचारलं. भागोजीकाकांनी. म्हणाले, आधी दवाखाना, मी मागून येतो.

आता वाडीचा हाच नियम आहे. भागोजीकाकांनी डांबराने भिंतीवर लिहिलाय आणि पुढे पाच काळे गोळे काढलेत. हेच वाक्य मी एकोणीस दिवसांपूर्वी लावलं होतं. त्यांनी पुरावा एकही जोडलेला नाही.

कृष्णाबाई बऱ्या आहेत.

२ नोव्हेंबर, पाडवा. दुपारी २

बाबा कापणीला गेले. अनवाणी. गमबूट माळ्यावर आहेत, एकदा खाली काढून पुसून परत ठेवले.

बाकी सगळे जेवून झोपलेत. समाजमंदिरापाशी कोणी नव्हतं. मार्कर घेऊन गेले. विचार फक्त फ्लेक्सवरची धूळ पुसायचा होता. पहिल्या ओळीचे तिन्ही पांढरे गोळे काळे केले. नीट, कडेपर्यंत. लांब उभी राहून पाहिलं. समोर भागोजीकाकांची भिंत दिसते. तिथे पाच आहेत.

परत जाऊन एक वाढवला. मग थोडी जागा उरली होती, म्हणून सहावाही काढला.