दर्शनी भिंतीच्या विटा

कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ. ब्रह्मा घाट

घराच्या दर्शनी भिंतीला नव्या विटांचा थर चढवायचा म्हणून ह्यांनी दोन विटा माझ्यापुढे ठेवल्या, एक पातळ लाखोरी, एक जाड इंग्रजी. “तुला कोणती आवडते?” मला विचारलं म्हणून मी हुरळले. लाखोरी, मी म्हणाले.

मग कळलं, माझ्या खोलीची खिडकी त्याच विटांनी बुजवणार. “भिंत सलग दिसायला हवी,” हे म्हणाले.

सोळा वर्षं त्या खिडकीतून गंगा बघतेय. खिडकीबद्दल विचारायचं नाही, विटेबद्दल तेवढं विचारायचं?

दारातूनच मिस्त्रीला बजावलं, “खिड़की रहेगी.” त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत म्हणाले, “रहने दो.”

तरी राग जात नाही. मी गप्प बसले असते तर माझ्याच पसंतीच्या विटांनी मला कोंडलं असतं.