परसातली मोहरी

१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. आम्ही दोघी मजेत. आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. भावजींनी पाठवलेला चष्मा तिला छान बसला.

आपल्या परसाचा थाट बघशील तर ओळखणार नाहीस! कुंपणापलीकडचा बॅटरीचा कारखाना बंद पडला, पण त्यातलं शिसं आपल्या मातीत मुरलंय. माती तपासणाऱ्या बाईंनी तिथे मोहरी आणि सूर्यफुलं लावलीत. मुळं शिसं शोषतात, ते पाल्यात चढतं, मग झाडं उपटून बंद पिशव्यांतून न्यायची आणि पुन्हा पेरायचं. "किती वर्षं?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "मोजत बसू नका."

तुला जे सांगायचंय ते सोडून मी भलतंच लिहीत बसलेय. दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीशी जाते, परत येते.

परवा कामावरून आले, तर आईने त्याच मोहरीचा कोवळा पाला फोडणीला टाकलेला. मी कढई उचलून पिशवीत उपडी केली.

"एवढी हिरवीगार भाजी!" ती ओरडली. "याच मातीत लोळून मोठ्या झालात दोघी. काय झालं तुम्हाला?"

"तेव्हा कोणी तपासलं होतं का?"

तेव्हापासून अबोला. पण तुझ्या चिमणीसाठी स्वेटर विणणं चालूच.

ताई, तू सुट्टीत येते म्हणालीस, पण चिमणीला घेऊन येऊ नकोस. लिहिलं एकदाचं. धूळ उंबऱ्यापर्यंत येते, आणि तिचा हात सदा तोंडात. एवढ्याशा जिवाच्या मेंदूला थोडंसं शिसंही बाधतं. आमचं रक्त तपासून घेतलं. माझ्यात कमी निघालं, आईच्यात बरंच. डॉक्टर म्हणाले, आधी घर सोडा. ती म्हणते, "या वयात मला काय होतंय!"

आज सकाळी तिला सांगितलं की, मी ताईला येऊ नको म्हणून कळवतेय. भांडेल वाटलं होतं. ती परसात जाऊन मोहरीपाशी उभी राहिली. मग आत येऊन कोपरापर्यंत साबणाने हात धुतले आणि माळ्यावरची बॅग काढायला लावली.

"मग मीच जाते. तिकडची माती बरी आहे ना?"

मी "हो" म्हणाले, ताई. मला काय ठाऊक? तुमच्या इमारतीच्या जागी आधी काय होतं, कोणाला तरी विचार. आणि लगेच कळव. ती बॅग भरून बसलीय.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी