खिडकीजवळची खाट

सापगाव, १८ नोव्हेंबर २००३, संध्याकाळ

मुरबाडचा वृद्धाश्रम आज बघून आलो. बाबांना सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. नुसतं बघायला काय हरकत आहे? दिवसा सोबतीला बाई मिळत नाही, किन्हवलीची ताई त्यांना न्यायला तयार नाही, आणि बाबा दोनदा अंगणात पडले.

जागा स्वच्छ आहे. खिडकीजवळ एक खाट रिकामी होती. मी टेकणार, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "तिथं नको बसू रे. ती धरलेली हाय."

उशीवर चुन्याची डबी होती. पितळेची, झाकणाला पोचा पडलेली.

"कुणी धरली?"

"आला होता एक म्हातारा, एस्टीनं, एकलाच. नाक तुझ्यासारखंच. घरी सांगितलं नाय म्हणं."

अशा डब्या घरोघरी असतात. येताना बसमध्ये हेच घोकत होतो. बाबा तर ओटीवरून न्हाणीपर्यंत भिंत धरून जातात. एस्टीत कसे चढतील?

घरी आलो तर बाबा ओटीवर तंबाखू मळत होते. चुना कागदाच्या पुडीतून घेत होते.

"बाबा, डबी कुठंय?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तू आज बघून आलास ना? तिथंच हाय."