पोटेन्शियली कटॅस्ट्रॉफिक

प्रिय दादा,

हे पत्र तुला वाचून दाखवायला मी वहिनीला सांगितलंय, तेव्हा मधेमधे तोंड घालू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

आज ऑफिसात लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. सगळे घाबरले होते आणि मी एकटीच हसत होते. तू लिफ्ट तपासायला जायचास, दोर झिजलेला दिसला की रिपोर्टात 'पोटेन्शियली कटॅस्ट्रॉफिक', म्हणजे मोठा अनर्थ होऊ शकतो, असं लिहायचास आणि संध्याकाळी तेच शब्द घरी घेऊन यायचास. दूध उतू जायला आलं, पोटेन्शियली कटॅस्ट्रॉफिक. माझ्या बुटाची नाडी सुटली, पोटेन्शियली कटॅस्ट्रॉफिक. मी स्वतःच्या हाताने केस कापले तेव्हा तर तू पोटेन्शियलीसुद्धा गाळलंस! आई म्हणायची, हा शिंकतोसुद्धा इंग्रजीत.

मग बाबा गेले त्या दिवशी तू मला शाळेतून न्यायला आलास. जिन्यात गुडघ्यावर बसून माझी सुटलेली नाडी बांधलीस, दुहेरी गाठ मारून, आणि खाली बघतच म्हणालास की बाबांना जरा बरं नाहीये. नाडीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी तिथेच रडायला लागले. तेव्हापासून तुझ्या मोठ्या शब्दांची मला कधी भीती वाटली नाही. तू घर डोक्यावर घेतलंस की समजायचं, सगळं ठीक आहे. भीती वाटते ती तुझ्या त्या 'जरा'ची.

परवा फोनवर म्हणालास, डोळ्यांपुढे जरा धुकं येतं, काही विशेष नाही, कामावर जाणं जरा थांबवलंय. एका दमात दोनदा 'जरा', दादा! वहिनीला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन तू पुढे ढकलतोयस, उगाच कुणाला त्रास नको म्हणून. मला लहानाचं मोठं केलंस तू, आणि आता मलाच त्रास नको? माझा जीव आहे रे तुझ्यावर, एवढं तरी कळू दे.

रजा टाकलीय, शनिवारी येतेय. ऑपरेशन होईपर्यंत हलणार नाही. दारात उभी राहीन तेव्हा माझ्या बुटाची नाडी सुटलेली असेल, मुद्दाम. दिसली तर ओरड. नाही दिसली तर मी सांगेन, मग ओरड. पण दोन्ही शब्द घालून ओरड.

तुझीच,
चिंगी