ऑक्टोबरपर्यंत थांब

प्रिय युखिम,

‘प्रिय’ वाचून हुरळून जाऊ नकोस. चौथीत आपल्याला एका बाकावर बसवून पत्र लिहायला शिकवलं, तेव्हा बाईंनी हाच शब्द वर घालायला सांगितला होता. हाताला तेवढीच सवय आहे. ‘साहेब’ आणि ‘मालक’ म्हणायला तुझ्याकडे पगारी माणसं आहेत, त्यांच्या पोटावर मी पाय देत नाही.

त्यातली दोन माणसं ऑगस्टात माझ्याकडे येऊन गेली. त्यांनी काय पराक्रम केला ते तुला सांगायला लाजली असतील, म्हणून मी सांगते. शहरातली पोरं ती. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाकडे काम असेल तर भरतकामाचा टॉवेल आणि गोल पाव घेऊन जावं, एवढं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. टॉवेल हातांवर धरायचा की खांद्यावरून आडवा बांधायचा, हे विचारायची अक्कल नव्हती. दोघेही खांद्यावरून कमरेपर्यंत टॉवेल बांधून, अगदी मुलगी मागायला निघालेल्या मध्यस्थांसारखे, भर दुपारी आपल्या रस्त्याने चालत आले. कुंपणाकुंपणाला माणसं गोळा झाली. समोरची परास्का तिच्या फाटकातून ओरडली, “अगं ओदार्का, दोरीवरचे मोजे काढ आधी! तुला मागणी आलीय!” बासष्ट वर्षांची विधवा मी, हातात कोंबड्यांच्या खाद्याची बादली, आणि दारात सूटबूट घालून घामाघूम झालेले नवरदेवाचे दोन दूत. दीड वर्षात गाव पहिल्यांदा इतकं हसलं. तेवढे तुझे आभार.

मग त्यांनी कागद काढला. चष्मा लावून मी तो दोनदा वाचला. शत्रू गावात होता तो महिनाभर शेतमालक युखिम यांनी गाव सोडलं नाही, स्वतःचं कोठार लोकांसाठी उघडलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून मकार नावाच्या मजुराने पीठ वाटलं. खाली माझी सही हवी, एकदा गावचा कारभार पाहणारी म्हणून आणि एकदा मकारची बायको म्हणून. त्या दोघांतला चष्मेवाला मला समजावत होता, “काकू, सही झाली की कोठारावर साहेबांच्या नावाची पाटी लागेल, जिल्ह्याचा सन्मान मिळेल. आणि नाही झाली तर बघा, मालकाच्या परवानगीशिवाय कुलूप तोडणं म्हणजे कागदोपत्री चोरीच. गेलेल्या माणसाचं नाव उगाच कशाला त्यात यायला हवं?” किती गोड बोलतो रे तो. तूच शिकवलं असशील. मी त्यांना खारवलेल्या काकड्या खायला घातल्या आणि म्हटलं, साहेबांना सांगा, ऑक्टोबरपर्यंत थांब म्हणावं, तेव्हा उत्तर देते. खूश होऊन गेले. तूही खूश झाला असशील. ओदार्का विचार करतेय म्हणजे अर्धी वळलीच, असं तुला वाटलं असणार.

आता, तुझ्या कागदाप्रमाणे तू गाव सोडलं नाहीस, त्या सकाळची आठवण करून देते. गेल्या वर्षीची चोवीस फेब्रुवारी. चेर्निहीव्ह शहराच्या बाजूने तोफांचे आवाज येत होते आणि तू दोन्ही गाड्या भरत होतास. टीव्ही भरलास, गालिचे भरलेस, त्या हरणाच्या शिंगांनाही चादरीत गुंडाळलंस. डिझेलच्या टाकीतलं शेवटचं डिझेल पिंपात काढून घेतलंस, त्यामुळे गावातले सगळे ट्रॅक्टर जागच्या जागी बसले. मकार तुझ्या गाडीच्या खिडकीशी गेला आणि त्याने एवढंच विचारलं, की कोठाराची किल्ली ठेवून जातोस का, लोक वाढतील, शहरातून नातेवाईक येतील. तू काच खाली केलीस आणि म्हणालास, “किल्ली माझ्याकडेच बरी, मकार. तुम्ही सगळे आपलेच, पण मोह वाईट. दोन दिवसांत येतोच मी. कोठाराकडे लक्ष ठेवा.” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. दोन दिवसांत येणारा तू एप्रिलच्या मध्यावर आलास, तेही फोटो काढणाऱ्या माणसाला घेऊन.

कोठार तुझं, हे मला ऐकायला नेहमीच गंमत वाटते. आपल्या बापांनी सामूहिक शेतात घाम गाळला तेव्हा ते सगळ्यांचं होतं. ते शेत मोडलं त्या वर्षी आम्हाला प्रत्येकाला जमिनीचा एकेक तुकडा कागदावर मिळाला, आणि ट्रॅक्टर, कोठार, गिरणी मात्र तिथे हिशेबनीस असलेल्या माणसाला कशी मिळाली, हे अजून कुणाला उलगडलेलं नाही. नांगर नसलेल्या माणसाने जमिनीचं काय करायचं? सगळ्यांनी ती तुलाच कसायला दिली. मग तू गोठे पाडून त्यांच्या विटांचं कुंपण घातलंस. नाचगाण्याच्या हॉलमध्ये खताची पोती रचलीस. शाळा बंद पडली तेव्हा म्हणालास, “पोरंच नाहीत तर शाळा कुणासाठी?” आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात तुझा हात कुणी धरला नाही.

तिसऱ्या दिवशी रशियन रणगाडे आले. वीज गेली, दुकान रिकामं झालं. तळघरांत माणसं बटाट्यांच्या शेजारी झोपू लागली. दूध न्यायला गाडी येईना, म्हणून गाई असलेल्या बायका बादल्या घेऊन दारोदार फिरल्या आणि गावाने दूध फुकट प्यायलं. पण शहरातून पळून आलेल्यांसकट दोनशेवर तोंडं होती आणि घराघरातलं पीठ संपलं होतं; तुझ्या कोठारात मात्र पोती रचलेली होती. मकारने दोन दिवस तुझ्या कुलपाकडे पाहिलं. तुला माहीत आहे, तो फार बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुऱ्हाड घेतली आणि मला म्हणाला, “हे बघ, मोह होतोय मला.” चार घावांत कुलूप पडलं. ते मोडकं कुलूप आज माझ्या खुराड्याचं दार अडवायला आहे, चांगलं वजनदार आहे. गावात जुन्या मातीच्या भट्ट्या अकराच उरल्या होत्या. बाकीच्यांनी शहरी दिसावं म्हणून त्या पाडल्या होत्या आणि आम्हा अकराजणींना मागासलेल्या म्हणून हिणवलं होतं. त्या अकरा भट्ट्यांनी गाव जगवलं. परास्का तिच्या सुनेला पाव देताना रोज विचारायची, “काय गं, माझी भट्टी अजून पाडायचीय का?”

पाव पोचवायला गाडी नव्हती, म्हणून मकार घोडा जोडून जायचा. खालच्या आळीपर्यंत, मग ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत. तिथे सैनिकांची चौकी होती. अठराव्या दिवशी त्यांनी त्याला गाडीवरून उतरवलं. मार्चच्या शेवटी ते निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी मकार पाइनच्या रानात सापडला. कोटाच्या आत पाव तसाच होता. एवढंच लिहिते, याहून जास्त माझ्याने लिहवत नाही. त्याला तू ‘मजूर’ लिहिलंस. तुझ्या सांगण्यावरून गेला म्हणे! तू तेव्हा सीमेपलीकडे हॉटेलात नाष्टा करत होतास. तुझ्या बायकोने फोटो टाकला होता, सगळ्या गावाने नंतर पाहिला. अंडी चांगली दिसत होती.

आता एक जुनी गोष्ट, जी मी कधी कुणाला सांगितली नाही. एक्क्याऐंशी साली तू तुझे मध्यस्थ घेऊन आमच्या दारात आलास आणि भोपळा घेऊन परत गेलास. मागणी घालायला आलेल्याच्या हाती भोपळा ठेवला की नकार, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला शाळेत कधी भोपळा मिळाला नाही, तो आमच्या उंबऱ्यावर मिळाला, आणि चाळीस वर्षं तू मला त्यावरून टोचत आलास. पण तो भोपळा मी दिला नव्हता, युखिम. मी मागच्या खोलीत होते. नवी ओढणी घातली होती, होकार दिल्यावर तुझ्या मध्यस्थांना बांधायचे टॉवेल महिनाभर खपून भरले होते. ते माझ्या मांडीवर होते आणि आईने बाहेरून दाराला कडी घातली होती.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी खूप भांडले. तेव्हा तिने सांगितलं. तेहतीस सालच्या दुष्काळात ती पाच वर्षांची होती. सरकारच्या हुकमावरून धान्य काढून न्यायला जी टोळी घरोघर फिरत होती, तिच्यात तुझे आजोबा होते. पोतं तर त्यांनी नेलंच, पण जाताना चुलीवर शिजत असलेलं घेवड्याचं मडकंही फडक्याने धरून उचललं. आईचे दोन भाऊ त्या वसंतात गेले. आईच्या आईने झग्याच्या काठात शिवलेल्या भोपळ्याच्या बिया तेवढ्या वाचल्या. मी म्हटलं, आजोबांचं पाप नातवाच्या माथी का मारतेस? तो तसा नाही. आई म्हणाली, “नसेलही. पण त्याच्या हातात किल्ली पडू दे, मग बघू.” मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही. पुढच्या वर्षी मकारशी लग्न केलं ते आईवरच्या रागाने केलं. ट्रॅक्टर चालवणारा, हातांना तेलाचा वास, तुझ्यासारखी कवितेची एक ओळ कधी म्हटली नाही. त्याच्या ताटात वाढताना कित्येक वर्षं मला वाटायचं, मी कुठे असायला हवं होतं आणि कुठे आहे. याची लाज मला तुझ्या त्या कागदापेक्षा जास्त वाटते. आजही मी म्हणते, आजोबांवरून नातवाला तोलू नये. तुला मी तुझ्या आजोबांवरून तोलत नाही. कुलूप तू तुझ्या हाताने लावलंस.

उद्या तुझी माणसं उत्तर न्यायला येतील. तुझा कागद परत देते. पुढच्या बाजूला सही नाही. मागची बाजू बघ. चोरीची तक्रार करायची असेल तर चोरांची नावं लागतील, म्हणून गावाने ती स्वतःच लिहून दिली आहेत. ते पीठ खाल्लेल्या, आणि आज हयात असलेल्या, दोनशे अकरा जणांच्या सह्या आहेत. परास्काने आपलं नाव दोनदा लिहिलं, कारण तिने दुप्पट खाल्लं म्हणे. कोपऱ्यात जो जांभळा डाग आहे तो शाईचा सांडलेला थेंब नाही, तळघरात जन्मलेल्या पोरीचा अंगठा आहे. सगळ्यांत वर मकारचं नाव मी लिहिलंय.

आणि मी तुला ऑक्टोबरपर्यंत का थांबवलं, तेही सांगते. ऑगस्टात माझ्या परसात भोपळे होते, पण हिरवे आणि मुठीएवढे. तसला दिला असता तर तू म्हणाला असतास, बाईचं अजून नक्की नाही. तुझी माणसं टॉवेल बांधून, पाव घेऊन मागायलाच आली होती, तेव्हा रीतीने उत्तर द्यायला हवं. आजीच्या झग्यातून वाचलेल्या बियांचंच वाण हे, आईने जपलं, मी जपते. काल सगळ्यांत मोठा काढला, पुसून दारात ठेवलाय, दोघांनी मिळून उचलावा लागेल. पहिला भोपळा आईचा होता, युखिम. हा माझा आहे.

तुझी होता होता वाचलेली,
ओदार्का