हात मागे बांधून

विमानशाळेचे वसतिगृह
३ डिसेंबर २०२५

ती. सौ. मंदामावशीस,
वल्लरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू बरी आहेस ना विचारतेस आणि मी हो म्हणते, म्हणून आज पत्र. पत्रात तुझ्याशी खोटं बोलायला जमत नाही. लाल शाईने तपासून परत पाठवशील.

काल सकाळी आम्ही विरत चाललेल्या धुक्यावर तरंगत होतो. रणजित सरांनी न सांगता इंजिन मंद केलं. हा नेहमीचा सराव. इंजिन बंद पडलं असं समजायचं, उतरायला शेत शोधायचं आणि एकेक तपासणी मोठ्याने म्हणत त्या त्या नॉबला हात घालायचा. मावशी, इंजिन मंदावलं की जी शांतता पसरते ती कशी सांगू? खाली ऊस, आणि एका विहिरीत अख्खं आभाळ. असंच जन्मभर अलगद उतरत राहावं असं वाटलं. मी सगळ्या तपासण्या घडाघडा म्हटल्या, एकही शब्द चुकला नाही. हात मात्र एकाही नॉबकडे गेला नाही.

त्यातला एक नॉब गरम हवेचा. थंड, दमट हवेत इंजिनात बर्फ धरतो, म्हणून तो ओढायचा असतो. सराव संपवून वर जायला गेलो तर इंजिन खोकलं आणि उठेना. खोटं संकट खरं झालं. विहीर इतकी जवळ आली की तिच्या पायऱ्या दिसल्या. मग सरांनी घाईने तो नॉब ओढला. इंजिनाने दोन आचके दिले आणि पुन्हा धरलं.

खाली आल्यावर सर म्हणाले, की तुझं म्हणणं ऐकण्यात मीही गुंगलो, तुझे हात पाहिलेच नाहीत. झाल्या प्रकाराच्या अहवालात त्यांचं ते लिहून देणार आहेत, माझं मी लिहायचं. वीस तारखेला माझी परवान्याची परीक्षा आहे. खरं लिहिलं तर ती लांबणार. नॉब अर्धा ओढला होता असं लिहावंसं फार वाटतंय. सरांनी तो इतक्या घाईत ओढला, की आधी कुठवर होता ते त्यांना कधीच कळणार नाही. काय करू ते लवकर लिही.

तुझ्या मायेची सवय झालेली,
वल्लरी

बिबवेवाडी
७ डिसेंबर

चि. वल्लरीस,
मंदामावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, तोवर चहा गार झाला. आधी तुझा राग आला, मग माझाच.

चौथीत तुला पाठांतर स्पर्धेला मीच उभं केलं होतं. कविता म्हणताना तू बोटांनी पानं, पाखरं दाखवायचीस. परीक्षकांना ते खपत नाही, म्हणून मी शिकवलं की हात मागे बांध, नजर समोर ठेव आणि कुठेही थांबू नकोस. पहिलं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. त्यात मी अजून जिरं ठेवते. शाळेत तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आले. तेव्हा थोडी चूक माझ्याही नावावर घाल. फॉर्ममध्ये जागा नसेल तर मनात घाल.

पण ते अर्ध्या नॉबचं लिहू नकोस. परीक्षा लांबली तर लांबू दे. मला तू धड खाली उतरलेली हवी आहेस, बाकी काही नको.

काका मजेत. रक्तदाबाची गोळी घेतली का म्हणून मी रोज स्वयंपाकघरातून विचारते आणि ते पेपराआडून घेतली म्हणतात.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून असलेली,
मंदामावशी

वसतिगृह
१३ डिसेंबर

ती. सौ. मंदामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जसं झालं तसं लिहिलं. परीक्षा जानेवारीच्या अखेरीस गेली. रडले, मग मेसमध्ये दोन वाट्या आमटी प्यायले.

काल पुन्हा तोच सराव केला. तीच शांतता, तीच विहीर, तसंच उतरत राहावंसं वाटणं. या वेळी आधी हात नेला. नॉब गार लागला. तो ओढला आणि मगच शब्द उच्चारला. इतकं अडखळत म्हटलं की तुझ्या स्पर्धेत उत्तेजनार्थही मिळालं नसतं. इंजिन मात्र पहिल्या हाकेला उठलं.

एक विचारू? काकांच्या गोळ्यांची पट्टी तू शेवटची हातात कधी घेतली होतीस?

तुझा धाक आणि लोभ दोन्ही हवे असलेली,
वल्लरी

बिबवेवाडी
१९ डिसेंबर

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून उठले ती थेट कपाटाकडे गेले. पट्टी मी चोवीस नोव्हेंबरला आणली होती. पंधराच्या पंधरा गोळ्या जागेवर होत्या.

काकांना जाब विचारला, तर म्हणाले की तू रोज विचारतेस, मी रोज उत्तर देतो, त्यात गोळीचा संबंध आलाच कुठे. दवाखान्यात रक्तदाब मोजल्यावर डॉक्टरांनी त्यांना तिथेच आडवं केलं. आणखी आठवडा गेला असता तर काही सांगता येत नव्हतं, असं मला बाजूला घेऊन म्हणाले. आता उतरलाय. काल भाजीत मीठ नाही म्हणून कुरकुरले, म्हणजे बरे आहेत. मी मात्र रात्रीची अजून दचकून उठते.

आता मी विचारत नाही. गोळी त्यांच्या तळहातावर ठेवते, पाण्याचा पेला देते आणि समोर उभी राहते. आज सकाळी नेमकं तेव्हाच गच्चीवरून विमान गेलं. एरवी मी तुझ्या आठवणीने खिडकीत धावते. आज गेले नाही. गोळी घशाखाली उतरेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.

लोभ आहे म्हणून नुसतं लिहिणार नाही. सुटी मिळाली की ये, जवळ घेईन.

तुझी,
मंदामावशी