चिमणीचा भाऊ

अहो,

मी ताईकडे जातेय, उद्या संध्याकाळी येईन. स्वयंपाक झालाय, तेवढा गरम करून घ्या. चिमणी शेजारच्या काकूंकडे खेळतेय.

तिच्यावर ओरडू नका. आज तुमच्याऐवजी मी तिला शाळेतून आणायला गेले, तर बाईंनी माझे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं. आपल्या लेकीने वर्गात सांगितलंय, 'मला भाऊ झाला.' पोरांनी बाळासाठी काढलेली चित्रं तुमच्या कपाटात ठेवलीत. फेकाल तर याद राखा.

तिचा तरी काय दोष? दर महिन्याला आपणच कुजबुजत असतो, 'या खेपेला नक्की.' काल डॉक्टरांनी फोनवर पुन्हा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडत होते आणि ही दाराबाहेरून विचारतेय, 'आई, तो कधी येणार?'

उद्या तिला सोडायला जाल तेव्हा बाईंना खरं काय ते सांगून टाका. मला नाही जमायचं. त्यांनी नाव विचारलं, तर मी आपण ठरवलेलं नाव सांगून बसले. रात्री जागवतो का, म्हणाल्या. मी म्हटलं, 'छे हो, फार गुणाचा आहे.'